पिकअपचा डावा इंडिकेटर

सोमवार, ४ मार्च

परत तेच. डाव्या इंडिकेटरला घाई लागली आहे. नीट लुकलुकत नाही, टिकटिकटिकटिक फडफडतो. एक टॅक्सीवाला माझ्या बाजूने जवळ आला आणि ओरडून सांगून गेला, ‘मागचा दिवा गेलाय तुमचा!’ ह्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी मीच हात केला.

मग घरी येईपर्यंत खिडकीतून हात काढून डावं वळण दाखवत बसले. लग्नात मिळालेली नोकरी. पगार नाही, रजा नाही, खांदा मात्र गेला.

२१ तारखेला गाडीची तपासणी आहे. दिवे चालू नसतील तर नापास, आणि नापास गाडी रस्त्यावर आणायची नाही. शाळेच्या सगळ्या खिडक्यांचं काम घेतलंय आम्ही. त्या काचा मी डोक्यावरून नेऊ? काच दुकानात कापायची आणि पिकअपने पोचवायची, एवढाच आमचा धंदा. गाडी गेली की दुकान गेलं. मग आहेच, मुलाच्या घरची मागची खोली.

मंगळवार, ५ मार्च

बल्ब बदलला. जुना कानाशी हलवला तर आत तार तुटून खुळखुळत होती.

आमची तपासायची पद्धत ठरलेली. हे आत बसून इंडिकेटरचा दांडा ओढतात, मी मागे उभी राहून दिव्याच्या तालावर म्हणते, ‘आहे, नाही, आहे, नाही.’ शेजारीण एकदा म्हणाली होती, ‘वहिनी, तुम्ही गाडीला कसली शिकवणी देता?’

आज नीट चालला. लवकर झोपते.

गुरुवार, ७ मार्च

कसला नीट! जेमतेम एक दिवस टिकला. आज डावा लावला तर काहीच नाही. ब्रेक दाबला की तोच दिवा मंद मंद उजळतो. म्हणजे बोलावलं एकाला आणि ओ दिली दुसऱ्याने. ह्यांनी फ्यूज बघितले, सगळे शाबूत. मग ती टिकटिक करणारी डबी नवीन आणली आणि बसवली. टिकटिक छान झाली. दिवा तसाच.

मी टॉर्च धरून उभी. ‘इकडे धर. इकडे नाही गं, इकडे.’ माझा एक गुडघा रडतो, दुसरा त्याची समजूत काढतो.

चिरंजीवांचा फोन. ‘आई, विकून टाका ना ती गाडी. बाबांना काय हौस आहे? या इकडे दोघं, आराम करा.’ आराम! सूनबाई चांगली आहे, घरही मोठं आहे. पण हे सकाळी उठून तिथे करणार काय? तिथली काच पुसणार? काच कापणाऱ्या ह्या माणसाला नुसतं बसायची सवय नाही. मी म्हटलं, बघू. ‘बघू’ म्हणजे नाही, हे त्याला माझ्या पोटात असल्यापासून माहीत आहे.

शनिवार, ९ मार्च

पाठ धरली.

रविवार, १० मार्च

टेस्टर आला. खरं नाव मलाही आठवत नाही. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, कानावर कायम टेस्टर खोचलेला, म्हणून टेस्टर. त्याला बोलवायचं नाही असं ह्यांचं म्हणणं होतं. ‘माझी गाडी मला कळते.’ मी न विचारता फोन केला. भांडण नंतर होतं ते परवडलं.

त्याने मागच्या दिव्याशी तपासणीचा बल्ब लावला. ‘काका, करंट येतोय. पण त्याला परत जायला वाट नाही. अर्थिंग गेलंय.’ दिव्याचं घर जिथे पत्र्याला बोल्टने बसवलंय तिथे आत पापुद्रे पापुद्रे गंज. म्हणून करंट वाट फुटेल तिकडे घुसत होता, ब्रेकच्या दिव्यातसुद्धा. त्याने गंज घासून काढला, नवी वायर थेट चासीला आवळली. ‘बल्ब बदलला, डबी बदलली… रोग रेड्याला आणि औषध पखालीला,’ म्हणाला. हे हसले नाहीत. मी हसले.

मग आमची शिकवणी. ‘आहे, नाही, आहे, नाही.’ लख्ख. पुढचा, मागचा, दोन्ही.

दुपारी झोपले. दिवसा झोपून किती दिवस झाले!

मंगळवार, १२ मार्च

‘लागत नाही,’ म्हणतात.

मी म्हटलं, लागतोय, मी मागेच उभी आहे.

‘आत लागत नाही.’

स्टिअरिंगच्या मागे दोन हिरवे बाण आहेत. एक डाव्या टोकाला, एक उजव्या. इंडिकेटर दिला की त्या बाजूचा बाण लुकलुकतो. उजवा चालतो. डावा दिला की टिकटिक ऐकू येते, बाण नाही, असं ह्यांचं म्हणणं. मी माझ्या दारातून वाकून बघितलं तर बाण होता, हिरवागार. सांगितलं. तर म्हणे, ‘तू वाकलीस तेव्हा गाडी हलली असेल. लूज कॉन्टॅक्ट.’

बरं बाबा, लूज कॉन्टॅक्ट. बाहेरचे दिवे लागतात ना, मग आतला बाण गेला खड्ड्यात. पण नाही! ‘मला जो दिसत नाही, तो सिग्नल मी दिला असं मी मानत नाही.’ इतकी वर्षं रस्त्यावर एक काच फुटू दिली नाही ती ह्याच हट्टावर, हे मीच येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगते. मग आता सोसावंच लागेल. आपलेच दात, आपलेच ओठ.

बुधवार, १३ मार्च

आज भलत्याच घरी आरसा उतरवला. चिठ्ठीवर मी ठळक लिहिलं होतं, घर नंबर २१७. हे चिठ्ठी बघत बघत १७ नंबरला गेले. मी मागे काचांना दोरी आवळत होते, लक्ष नव्हतं. आरसा थेट दिवाणखान्यात नेऊन ठेवला, तेव्हा त्या घरची बाई म्हणाली, ‘सुंदर आहे हो, पण मी मागवला नव्हता.’

परत उचलला. आरशात मला माझं तोंड दिसत होतं. त्या तोंडाच्या बाईला मी ओळखत नाही, पण दया आली.

‘तू १७च लिहिलं होतंस,’ म्हणाले. चिठ्ठी दाखवली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, ‘दोन नंतर घातलास.’ ह्या माणसाने कधी माझ्यावर खोटा आळ घेतला नव्हता. वाईट वाटलं. अजून वाटतंय.

शुक्रवार, १५ मार्च

टेस्टर परत. डॅशबोर्ड उघडला. आतून वायरींचा गुंता बाहेर आला तो बघून मला वाटलं, आता ही गाडी काही आपली राहिली नाही. त्याने डाव्या बाणाचा इवलासा बल्ब होल्डरसकट बाहेर काढला आणि ह्यांच्या नाकासमोर धरला. दांडा खाली. लागला. हेच म्हणाले, ‘आहे.’

जागेवर बसवला. ‘नाही.’

परत काढला. ‘आहे.’ परत बसवला. ‘नाही.’

टेस्टर ह्यांच्या डोक्यावरून वाकून बघतोय आणि म्हणतोय, ‘काका, लागतोय हो!’ आणि हे म्हणतायत, ‘मला शिकवू नकोस.’ मी दोघांच्या मध्ये. टेस्टरने नवा बल्ब घातला, होल्डर बदलला, स्टिअरिंगखालचा स्विच उघडून पॉलिश पेपरने घासला. तीच तऱ्हा.

जाताना मला फाटकाशी गाठून हळूच म्हणाला, ‘काकी, गाडीत आता काही नाही. काकांना जरा झोपू द्या नीट.’ मी म्हटलं, तूही झोप.

ह्यांनी तेवढ्यात निकाल लावला होता. ‘थापा मारतो. ह्याला परत आणायचं नाही.’ चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या पोराने गंज काढला नसता तर आज बाहेरचेही दिवे लागले नसते.

शनिवार, १६ मार्च

सकाळी चहा दिला, पेपरशेजारी ठेवला. थोड्या वेळाने हाक, ‘चहा मिळणार आहे का आज?’ कप तिथेच. डाव्या कोपराला लागून, साय धरलेला. मी तो उचलून ह्यांच्या हातात दिला.

लक्ष नसतं. सगळं लक्ष त्या बाणात.

सोमवार, १८ मार्च

फाटकाचा खांब घासला. माझ्या बाजूचं दार, आरशापासून मागच्या चाकापर्यंत एक लांब पांढरी रेघ. ह्याच फाटकातून रोज जा-ये. डोळे मिटून काढीन, असं म्हणायचे.

खाली उतरून बघत उभे राहिले. मग म्हणाले, ‘गाडी डावीकडे ओढतेय. स्टिअरिंगपण गेलं.’

आता स्टिअरिंग! एक बाण संपत नाही तोवर. मी दारावरची रेघ ओल्या फडक्याने पुसली. जाणार नाही हे माहीत होतं, तरी पुसली.

शाळेच्या मोठ्या बाईंचा निरोप. परीक्षेआधी काचा हव्यात, वर्गात वारा शिरून पेपर उडतात.

बुधवार, २० मार्च

उद्या तपासणी. हे दिवसभर गाडीत. मी दोनदा मागे जाऊन उभी राहिले. ‘आहे, नाही, आहे, नाही.’ आतून आवाज येतो, ‘नाही.’ मी बाहेरून म्हणते, ‘आहे.’ ‘नाही.’ ‘आहे.’ म्हातारा-म्हातारी वेडी झाली म्हणून गल्लीत बोभाटा होणार.

शेवटी मी म्हटलं, अहो, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?

म्हणाले, ‘तुझ्यावर आहे. गाडीवर नाही.’



गुरुवार, २१ मार्च

पास! तपासणीच्या साहेबांनी पुढून बघितलं, मागून बघितलं, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबायला लावला. डावा, उजवा, दोन्ही एकदम. ‘जुनी आहे, पण ठेवलीय छान,’ म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कागद हातात घेऊन मी ह्यांच्याकडे बघितलं, वाटलं आता तरी हसतील.

गाडीत बसल्यावर म्हणाले, ‘आंधळा आहे का तो? बाण बघितलाच नाही त्याने.’

शुक्रवार, २२ मार्च

आज बोलले. दुकानात, काच कापता कापता. हात थांबला आणि म्हणाले, ‘विकून टाकू.’

मला वाटलं, काच म्हणतायत.

‘गाडी. माझं ऐकत नाही ती आता. मला जे दिसतं ते तुम्हाला कोणालाच दिसत नाही. तू, तो टेस्टर, तो साहेब, सगळे म्हणता लागतो. मग मीच खोटा? अशा गाडीत मी पोरांच्या शाळेत काचा घेऊन जाणार नाही. कोणाला तरी लागेल.’

मी म्हटलं, मग दुकान?

पट्टी लावून परत काच कापायला लागले. कापण्याचा तो आवाज, करकर आणि मग टक. त्या आवाजावर माझा संसार झाला. मला रडू आलं ते मी शोरूममध्ये जाऊन रडले. शोरूम म्हणजे पुढची खोली. चार आरसे. चारही बायका रडत होत्या.

चिरंजीवांना ह्यांनी स्वतःच फोन केला. सोमवारी गाडी बघायला एक जण तयार आहे, पलीकडच्या पेठेतला भंगारवाला नव्हे, चालवणारा माणूस, एवढंच समाधान. उद्या तेवढी शाळेची पहिली खेप टाकायची, शब्द दिलाय म्हणून. मग बस.

मी सरळ सांगते, इथे सांगायला कोणाची चोरी. मला जायचं नाही. मागच्या खोलीत मला जायचं नाही. त्या गाडीला काही झालेलं नाही. कोणीतरी ह्यांना पटेल असं एकदा म्हणावं की गाडी ठीक आहे, एवढंच मला हवंय.

शनिवार, २३ मार्च



शाळेच्या रस्त्याला डावीकडे वळत होतो. ह्यांनी इंडिकेटर दिला. एक सायकलवाला माझ्या खिडकीच्या बाजूने, आमच्या बरोबरीनेच येत होता, अख्खा रस्ताभर. मला दिसत होता. मला वाटलं ह्यांनाही दिसतोय. न दिसायला तो काय मुंगी होता? आणि ह्यांनी वळवली. सरळ त्याच्यावर.

मी किंचाळले. ब्रेक. सायकल चाकाखाली, माणूस बाजूला फुटपाथवर. खरचटलं, बाकी काही नाही. मागे एक काच तडकली, तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

हे उतरले, त्याला उठवायला गेले. ‘माफ कर रे. माझा डावा इंडिकेटर लागत नाही, तुला कळलं नाही.’

तो म्हणाला, ‘काका, इंडिकेटर लागत होता की. म्हणून तर मी वेग कमी केला. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, तरी घातलीत?’

‘कुठून आलास तू?’ हे म्हणाले. तेच परत परत. ‘कुठून आलास?’

त्याला नवीन सायकल घेऊन देऊ म्हटलं. उरलेल्या काचा शाळेत उतरवल्या. येताना ह्यांनी गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवून थकले.

रविवार, २४ मार्च

संध्याकाळी म्हणाले, ‘उद्या तू चालव. माझा हात बसत नाही.’

माझं लायसन्स कपाटात बांगड्यांच्या डब्याखाली असतं. रिव्हर्सला मी खांब मोजते म्हणून हे जन्मभर हसत आले. आज हसले नाहीत.

सोमवार, २५ मार्च

घेणाऱ्याकडे निघालो. मी स्टिअरिंगला, हे माझ्या जागेवर. कोपऱ्यावर डावा इंडिकेटर दिला. टिकटिक.

‘अगं! लागला की! काय केलंस?’

काहीच केलं नव्हतं. गाडी कडेला घेतली. इंडिकेटर तसाच चालू ठेवला आणि जागा बदलायला लावली. स्टिअरिंगवर बसून म्हणाले, ‘नाही.’ परत माझ्या सीटवर. इथून बाण त्यांच्या उजव्या हाताला येतो. ‘आहे.’

बाण सगळा वेळ लुकलुकत होता.

मग मी गाडीला वळसा घालून ह्यांच्या खिडकीशी, डाव्या बाजूला, जाऊन उभी राहिले. हातभर अंतरावर. हे समोर बघत म्हणाले, ‘कुठे गेली ही?’

डावीकडचा खांब दिसला नव्हता. कप दिसला नव्हता. २१७मधला दोन दिसला नव्हता. तो सायकलवाला दिसला नव्हता. गाडी ठीक आहे. गाडीला काही झालेलं नाही.

घेणाऱ्याकडे गेलेच नाही. डोळ्यांच्या दवाखान्याचा रस्ता धरला. तिथे जायला सगळी डावी वळणं. प्रत्येक वळणाला हे डॅशबोर्डकडे बोट करून, बऱ्याच दिवसांनी खूष होऊन म्हणत होते, ‘आहे. नाही. आहे. नाही.’ मी ‘हो’ म्हणत चालवत राहिले.